उद्यांच्या प्रश्नांसाठीं आजचीं उपकरणें

सन २०२५ च्या जुलै महिन्याच्या ३० तारखेस सायंकाळीं श्रीहरिकोटा येथून ‘निसार’ नांवाचा उपग्रह आकाशांत सोडण्यांत आला. दुसऱ्या दिवशीं वर्गांत ही गोष्ट निघाली असतां मॅट्रिकच्या वयाच्या एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारलें, “सर, हें यंत्र कोणीं शोधून काढलें?” प्रश्न साधा होता, पण त्याचें उत्तर एका नांवांत देतां येईना. कारण ज्या वर्षीं या उपग्रहाची कल्पना प्रथम कागदावर रीतसर मांडली गेली, त्या सन २००७ मध्यें प्रश्न विचारणारा हा मुलगा जन्मासही आला नव्हता. तेव्हां ‘कोणीं शोधलें’ यापेक्षां ‘कोणीं, कधीं व कां ठरविलें’ हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, असें आम्हीं त्यास सांगितलें व त्याचें सविस्तर उत्तर या वार्षिकांत देण्याचें कबूल केलें. तें वचन आज पाळीत आहों.

पृथ्वीचीं शास्त्रें म्हणजे भूगर्भ, वातावरण, समुद्र, हिम व पृथ्वीचें चुंबकत्व यांचा अभ्यास. इतर शास्त्रांहून यांची एक अडचण निराळी आहे. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याची परीक्षानळी फुटली, तर तो दुसरी घेतो आणि तोच प्रयोग पुन्हां करतो. पृथ्वीच्या अभ्यासकास ही सोय नाहीं. काल पडलेला पाऊस पुन्हां पडत नाहीं. गेल्या वर्षीं झालेला भूकंप पुन्हां करून दाखव असें पृथ्वीस सांगतां येत नाहीं. ज्या घटकेस उपकरण जागेवर नव्हतें, ती घटका शास्त्राच्या दृष्टीनें कायमची गेली. म्हणून येथें उपकरण आधीं आणि घटना नंतर असा क्रम असावा लागतो. आणि उत्तम उपकरण तयार होण्यास दहा-वीस वर्षें लागतात. तेव्हां वीस वर्षांनीं आपणांस पृथ्वीविषयीं काय विचारावयाचें आहे, हें आजच ठरवावें लागतें. या ठरविण्यासच पृथ्वीशास्त्रांचें यंत्रविषयक धोरण म्हणतात.

अशा दूरदृष्टीचें एक उदाहरण आपल्या मुंबईजवळचेंच आहे. कुलाब्याची वेधशाळा सन १८२६ मध्यें उभी राहिली, आणि सन १८४१ पासून तेथें पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी नियमानें होऊं लागल्या. पुढें शतकाच्या अखेरीस मुंबईच्या घोड्यांच्या ट्रामगाड्या विजेवर चालविण्याचा विचार सुरू झाला. विजेच्या प्रवाहाभोंवतीं चुंबकशक्ति उत्पन्न होते. तेव्हां ट्राम सुरू होतांच कुलाब्याच्या नाजूक चुंबकसूच्या पृथ्वीचें म्हणणें ऐकण्याऐवजीं ट्रामचेंच म्हणणें ऐकूं लागल्या असत्या. हें ओळखून संचालक नानाभाई फ्रामजी मूस यांच्या कारकिर्दींत अलीबाग येथें नवी चुंबकीय वेधशाळा बांधण्यांत आली, व सन १९०४ पासून तेथें काम सुरू झालें. विशेष हें कीं, जुनी जागा एकदम सोडली नाहीं. सन १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणीं एकाच वेळीं नोंदी घेतल्या, म्हणजे नव्या मापाची जुन्या मापाशीं गांठ बसावी. विजेची ट्राम मुंबईंत धांवली ती सन १९०७ मध्यें, सर्व व्यवस्था झाल्यावर.

या काळजीचें फळ काय मिळालें? सन १८५९ च्या सप्टेंबरच्या आरंभीं सूर्यावर मोठा क्षोभ झाला व पृथ्वीभोंवतीं प्रचंड चुंबकीय वादळ उठलें. त्या रात्रीं तारायंत्रें आपोआप ठिणग्या टाकूं लागलीं होतीं. कुलाब्याच्या नोंदवहींत तेव्हांचे आंकडे शाबूत होते. सन २००३ मध्यें, म्हणजे १४४ वर्षांनीं, शास्त्रज्ञांनीं त्याच आंकड्यांच्या आधारें त्या वादळाचा जोर किती होता याचा हिशेब मांडला. कुलाब्यास पृथ्वीच्या चुंबकशक्तीचा आडवा भाग सुमारें १६०० नॅनोटेस्लांनीं उतरला होता असें दिसून आलें. आज उपग्रह, दूरध्वनि व विजेच्या वाहिन्या यांवर आपला सर्व व्यवहार चालतो. तसें वादळ पुन्हां आलें तर काय होईल, हें समजण्यास ती जुनी वही उपयोगी पडते. ज्यानें ते आंकडे लिहिले, त्यास मनुष्यानें केलेल्या उपग्रहाची कल्पनाही नव्हती. आपल्या नोंदीस पुढें कोणता प्रश्न विचारला जाईल हें लिहिणारास कळत नाहीं. त्याच्या हातीं एवढेंच असतें कीं, नोंद खरी असावी व तींत खंड नसावा.

आतां ‘निसार’कडे वळूं. अमेरिकेंत सन २००७ मध्यें तेथील राष्ट्रीय संशोधन परिषदेनें एक मोठा अहवाल प्रसिद्ध केला. पुढील दहा वर्षांत आकाशांतून पृथ्वीचें निरीक्षण कोणत्या क्रमानें करावें, हा त्याचा विषय. नाना शाखांच्या शास्त्रज्ञांनीं एकत्र बसून असंख्य सूचना चाळल्या व शेवटीं १७ मोहिमांची शिफारस केली. प्रत्येकास आपलेंच यंत्र आकाशांत जावें असें वाटणें स्वाभाविक आहे, आणि पैसा तर मोजका. म्हणून अशा कामांत एक शिस्त पाळावी लागते: आधीं यंत्राचें नांव घ्यावयाचें नाहीं, आधीं प्रश्न सांगावयाचा. प्रश्न ठरला म्हणजे त्याच्या उत्तरासाठीं कोणती राशि मोजावी, किती सूक्ष्म मोजावी व किती दिवसांनीं पुन्हां मोजावी, हें ठरवावयाचें. त्यानंतर यंत्र.

कोणती राशि मोजावी याची निवड वाटते तितकी सोपी नाहीं. जमिनीखालच्या पाण्याचेंच उदाहरण घ्या. तें आकाशांतून दिसत नाहीं. पण पाण्यास वजन आहे, व वजनास आकर्षण आहे. सन २००२ मध्यें सोडलेले ‘ग्रेस’ हे दोन जुळे उपग्रह एकामागें एक, सुमारें २२० किलोमीटरांच्या अंतरानें फिरत व एकमेकांतील अंतर केंसाच्या जाडीहूनही सूक्ष्म प्रमाणांत मोजीत. खालीं वस्तुमान अधिक असेल तेथें पुढचा उपग्रह किंचित् ओढला जाई, अंतर वाढे. या वाढघटीवरून खालचें वजन कळे. या युक्तीनें सन २००९ मध्यें असें प्रसिद्ध झालें कीं, २००२ ते २००८ या अवधींत राजस्थान, पंजाब व हरियाणा (दिल्लीसह) या भागांतून सुमारें १०९ घन किलोमीटर भूजल कमी झालें. पाणी पाहिलें नाहीं, विहिरींत दोर सोडला नाहीं. केवळ दोन उपग्रहांतील अंतर मोजलें, आणि शेतकऱ्याच्या विहिरीची वार्ता कळली.

२००७ च्या अहवालांतील एक प्रश्न असा होता: जमीन कोठें, किती व कोणत्या वेगानें हालत आहे? भूकंपापूर्वीं व नंतर भ्रंशाजवळची भूमि सरकते, ज्वालामुखी फुगतो, पाणी फार उपसल्यास जमीन खचते, हिमनद्या वाहतात. हें सरकणें कित्येक ठिकाणीं वर्षास कांहीं मिलिमीटर किंवा सेंटिमीटर एवढेंच असतें. तें शेंकडों किलोमीटर उंचीवरून, तेंही साऱ्या पृथ्वीवर, वारंवार मोजावयाचें. साध्या कॅमेऱ्यास रात्रीं दिसत नाहीं व ढगांआड तर मुळींच दिसत नाहीं. आपल्या कोंकणांत चार महिने ढगच ढग. म्हणून रडार पाहिजे. रडार स्वतःच्या लहरी सोडतें व त्यांचा प्रतिध्वनि ऐकतें. तीस अंधाराची किंवा ढगांची अडचण नसते.

परंतु येथें एक गणित आडवें येतें. लहर जितकी लांब, तितकी बारीक वस्तु ओळखण्यास अँटेना मोठी लागते. २४ सेंटिमीटर लांबीच्या लहरीनें ७५० किलोमीटर दुरून दहा मीटरांची वस्तु वेगळी ओळखावयाची, तर अँटेना सुमारें १८ किलोमीटर लांब हवी! (विद्यार्थ्यांनीं लहरीच्या लांबीस अंतरानें गुणून वस्तूच्या लांबीनें भागून पाहावें.) एवढी अँटेना कोण आकाशांत नेणार? त्यावर युक्ति अशी कीं, अँटेना लहानच ठेवावी, पण उपग्रह पुढें धांवत असतां वाटेंतील प्रत्येक ठिकाणचा प्रतिध्वनि जपून ठेवावा व नंतर सर्व प्रतिध्वनि गणितानें एकत्र करावे. म्हणजे लहान अँटेनेनें आपल्या धांवण्यानेंच मोठ्या अँटेनेचें काम केलें. पुढें तोच उपग्रह कांहीं दिवसांनीं त्याच वाटेनें आला, कीं दोन्ही वेळच्या लहरी एकमेकींशीं ताडून पाहावयाच्या. लहर जाऊन परत येते, म्हणून जमीन १२ सेंटिमीटर दूर गेली कीं लहरींत एका पूर्ण फेऱ्याचा फरक पडतो. त्या फेऱ्याचा लहानसा अंशही मोजतां येतो. म्हणून सेंटिमीटरभर हालचाल सुद्धां लपत नाहीं.

आतां धोरणाचा दुसरा भाग. युक्ति सुचली म्हणजे यंत्र झालें असें नव्हे. नासा या संस्थेनें याकरितां नऊ पायऱ्यांची एक शिडी ठरविली आहे. पहिल्या पायरीवर केवळ तत्त्व समजलेलें असतें. मधल्या पायऱ्यांवर यंत्राचे भाग प्रथम प्रयोगशाळेंत व मग प्रत्यक्षासारख्या परिस्थितींत तपासले जातात. नवव्या पायरीवर तें यंत्र खऱ्या मोहिमेंत काम करून दाखवितें. खालच्या पायरीवर असतांना चूक सांपडली तर ती थोडक्यांत सुधारते. उपग्रह वर गेल्यावर सांपडली तर सर्वच बुडतें. म्हणून मोहीम ठरण्याच्या कित्येक वर्षें आधीं कच्च्या कल्पनांना थोडाथोडा पैसा देऊन एकेक पायरी वर चढविणें हें शहाणपणाचें. याच कामासाठीं नासानें सन १९९८ मध्यें पृथ्वीशास्त्रांच्या उपकरणांचें स्वतंत्र कार्यालय स्थापिलें.

आमच्या रडारची शिडी पाहा. सन १९७८ मध्यें ‘सीसॅट’ नांवाच्या उपग्रहानें असें रडार प्रथम समुद्रावर चालविलें. विजेच्या बिघाडामुळें तो अवघे साडेतीन महिने टिकला, पण तेवढ्यांत मार्ग दिसला. सन १९९१ मध्यें युरोपचा ‘ईआरएस-१’ गेला. सन १९९२ मध्यें कॅलिफोर्नियांत लँडर्स येथें भूकंप झाला, तेव्हां त्याच्या आधींच्या व नंतरच्या प्रतिमा ताडून फ्रेंच शास्त्रज्ञांनीं सन १९९३ मध्यें जमीन कशी सरकली याचें चित्रच जगापुढें ठेविलें. तेव्हां सन २००७ मध्यें मूळ युक्ति पक्की होती. कच्चें होतें तें दुसरेंच: रुंद पट्टा व बारीक नजर हीं दोन्ही एकदम साधत नव्हतीं. त्यासाठीं बारा मीटर व्यासाची, सोन्याचा मुलामा दिलेल्या तारेच्या जाळीची, छत्रीसारखी मिटणारी परावर्तक तबकडी व तिच्यासमोर ओळीनें बसविलेले अनेक ग्राहक अशी योजना झाली. हे ग्राहक परत येणारा प्रतिध्वनि एकामागून एक टिपतात; त्यामुळें सुमारें २४० किलोमीटर रुंदीचा पट्टा एका फेरींत दिसतो, आणि बारा दिवसांत जवळजवळ सर्व भूमि व हिमप्रदेश दोनदां पाहून होतात.

इतकी उत्तम आंखणी झाली, तरी मार्ग सरळ नव्हता. मूळ योजनेंत रडारच्या जोडीस लेसर किरणांनीं जंगलांची उंची मोजणारें उपकरणही होतें. सन २०११ मध्यें पैशाची तूट आली व योजना मोडते कीं काय असें झालें. तेव्हां प्रश्न सोडला नाहीं, यंत्राचा आकार बदलला. लेसरचें काम वेगळें काढलें. तें पुढें सन २०१८ मध्यें अंतराळस्थानकावर नेलेल्या एका उपकरणाकडे गेलें. रडारसाठीं भागीदार शोधला. ३० सप्टेंबर २०१४ रोजीं नासा व आपली इस्रो यांच्यांत करार झाला. लांब लहरींचें रडार अमेरिकेनें, सुमारें दहा सेंटिमीटरांच्या आंखूड लहरींचें रडार अहमदाबादच्या आपल्या केंद्रानें करावें. उपग्रहाचा सांगाडा व अग्निबाण भारताचा. सन २०२४ मध्यें सर्व सिद्ध झालें असतां असें आढळलें कीं, मिटलेली तबकडी उन्हानें प्रमाणाबाहेर तापेल. ती पुन्हां कॅलिफोर्नियास नेऊन तिला विशेष लेप दिला व परत आणली. उड्डाण लांबलें; पण जमिनीवर सांपडलेली चूक ही स्वस्त चूक होय. अखेर सन २०२५ मध्यें उपग्रह वर गेला, व १५ ऑगस्ट रोजीं ती छत्री आकाशांत सुखरूप उघडली. २००७ पासून अठरा वर्षें झालीं होतीं.

यावरून कोणी म्हणेल कीं, इतकी वाट पाहण्यापेक्षां संकट आलें म्हणजे उपाय करावा. तसेंही आम्हीं करून पाहिलें आहे. २६ डिसेंबर २००४ रोजीं हिंदी महासागरांत त्सुनामी आली, तेव्हां या महासागरास इशारा देणारी व्यवस्थाच नव्हती. पॅसिफिक महासागरास ती कित्येक वर्षें आधीं होती. लाट सुमात्र्याहून आपल्या पूर्व किनाऱ्यास येण्यास सुमारें दोन तास लागले. दोन तास हातीं होते, पण सांगणारें कोणी नव्हतें. निरनिराळ्या देशांत मिळून दोन लाखांहून अधिक माणसें गेलीं. त्यानंतर सन २००६ मध्यें आपल्या सरकारचें पृथ्वीविज्ञान मंत्रालय झालें, व सन २००७ मध्यें हैदराबाद येथें इशारा देणारें केंद्र सुरू झालें. केंद्र उत्तम आहे. पण तें तीन वर्षें उशिरानें आलें.

याच्या उलट, धीमेपणानें चाललेलें एक काम आपल्या सातारा जिल्ह्यांत आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहांटे कोयनानगरास मोठा भूकंप झाला व सुमारें १८० माणसें दगावलीं. धरणाच्या जलाशयाशीं या भूकंपांचा संबंध आहे असें मानलें जातें, व तेव्हांपासून त्याच लहानशा प्रदेशांत लहानमोठे धक्के बसत आले आहेत. जमिनीखालीं नेमकें काय घडतें, हें तेथेंच उतरून मोजावें अशी योजना निघाली. परंतु एकदम खोल न जातां प्रथम चांचणीचें विवर खणावें असें ठरलें. सन २०१६-१७ मध्यें गोठणे येथें तीन किलोमीटर खोल विवर खणण्यांत आलें. सुमारें सव्वा किलोमीटरवर काळा कातळ संपून ग्रॅनाइट लागला. कराड येथें याच कामासाठीं प्रयोगशाळा आहे. मोठी उडी घेण्यापूर्वीं लहान पायरी चढावी, हीच ती शिडी.

तथापि उपकरणाकडून होत नाहीं तें त्याच्याकडे मागूं नये, हेंही धोरणांतच येतें. ‘निसार’ ज्या तारखेस उडाला, त्याच ३० जुलै या तारखेस सन २०१४ मध्यें पुणें जिल्ह्यांतील माळीण गांवावर पहाटे डोंगर कोसळला व दीडशें माणसें त्याखालीं गेलीं. हा उपग्रह अशा दरडी आधीं सांगेल काय, असें विद्यार्थी विचारतात. जो उतार महिनोन्‌महिने हळूहळू सरकत आहे, त्याची चाहूल तो देऊं शकेल. पण अतिवृष्टीनें जो उतार कांहीं मिनिटांत सुटतो, त्याच्यासाठीं बारा दिवसांनीं येणारा पाहारेकरी पुरेसा नाहीं. तेथें गांवांतच पर्जन्यमापक हवें, तें वाचणारा मनुष्य हवा, त्याचें म्हणणें ऐकणारा अधिकारी हवा, आणि रात्रीं लोकांस उठवून नेण्यास सुरक्षित जागा हवी. आकाशांतील छत्रीपासून गांवाच्या चावडीपर्यंत सांखळीचा प्रत्येक दुवा बसला, तरच धोरण पुरें झालें. नाहीं तर मोलाचे आंकडे कोठारांत पडून राहतात.

दुसरी एक गोष्ट. वर सांगितलेल्या जुळ्या उपग्रहांचें काम सन २०१७ मध्यें थांबलें. त्यांची जागा घेणारे उपग्रह सन २०१८ च्या मे महिन्यांत गेले. मध्यें जवळजवळ वर्षभराचें खिंडार पडलें, व तें आतां कोणत्याही द्रव्यानें भरून येणार नाहीं. अलीबागेस दोन वर्षें दुहेरी नोंदी ठेवणाऱ्यांचें शहाणपण येथें आठवतें. नवें यंत्र आणण्याचा उत्साह सर्वांस असतो. जुन्या नोंदीस खंड पडूं न देण्याची काळजी थोड्यांस असते.

सन २०१८ मध्यें अमेरिकेंत पुढील दहा वर्षांसाठीं तसाच दुसरा अहवाल निघाला. त्यांत ३५ महत्त्वाचे प्रश्न निवडून आठ प्रकारच्या निरीक्षणांना अग्रक्रम दिला आहे. त्या प्रश्नांसाठीं जीं यंत्रें होतील, तीं चालविण्याचें व त्यांचे आंकडे वाचण्याचें काम आज शाळेंत बसलेल्या पिढीकडे येणार. ‘निसार’चे आंकडे सर्वांस विनामूल्य खुले ठेवावयाचे असें ठरलें आहे, कोंकणांतल्या मुलासही ते पाहतां येतील. मात्र ते वाचण्यास गणित व भूगोल चांगला पाहिजे, आणि नोंदीची आवड पाहिजे.

शेवटीं आमच्याच घरची एक उणीव सांगतों. आमच्या शाळेच्या आवारांत पर्जन्यमापक आहे व त्याची वही पुष्कळ वर्षांची आहे. हा लेख लिहिण्यापूर्वीं ती चाळली. प्रत्येक वर्षीं मे महिन्याचीं पानें कोरीं! सुट्टी लागली कीं मोजणारे घरीं जातात. त्यामुळें वळवाचे पाऊस आमच्या वहीप्रमाणें या गांवीं कधीं पडलेच नाहींत. पुढें कोणी विद्वान् येऊन विचारील कीं, येथला वळीव पूर्वीं किती होता व आतां किती आहे, तर आम्हीं काय उत्तर द्यावें? वीस वर्षांच्या त्या कोऱ्या पानांवर आतां कांहींही लिहितां येणार नाहीं. म्हणून येत्या सुट्टीसाठीं शाळेजवळ राहणाऱ्या चार विद्यार्थ्यांनीं पाळीपाळीनें रोज सकाळीं साडेआठास पाऊस मोजावा असें आम्हीं ठरविलें आहे. ज्या दिवशीं पाऊस नसेल त्या दिवशीं शून्य लिहावयाचें, जागा कोरी ठेवावयाची नाहीं. चौघांपैकीं तिघांचीं नांवें आलीं आहेत. चौथ्याची वाट पाहत आहों.